किल्ला, बंदर आणि मतदार

लोकप्रतिनिधी निवडून आला की त्याला मतदारांचा निरोप घेऊन राजधानीची वाट धरावी लागते, हा सर्वसाधारण नियम होय. तमिळनाडू राज्यात एक मतदारसंघ मात्र असा आहे की, तेथील प्रतिनिधीला विधानसभेत जाण्यासाठी आपल्या मतदारसंघाची हद्द ओलांडावीच लागत नाही. चेन्नईतील सेंट जॉर्ज किल्ल्यात राज्याची विधानसभा भरते आणि तो किल्ला ज्या मतदारसंघात मोडतो त्याचे नाव आहे हार्बर. तमिळमध्ये तुरैमुगम्, म्हणजे बंदर. पूर्वेला समुद्र, दक्षिणेला कूवम नदीचे मुख, आणि या दोहोंच्या कोपऱ्यात दाटलेली जॉर्ज टाउनची वस्ती. उच्च न्यायालय, बंदराची गोदामे, पॅरीज कॉर्नरच्या पेढ्या, मण्णडीतील लोखंडाचे व्यापारी, सावकारपेठेतील कापडाची दुकाने हे सर्व या चिमुकल्या भूभागात सामावलेले आहे. भारतातील इंग्रजी सत्तेची पहिली भक्कम चौकी येथे उभी राहिली. लोकांच्या वतीने कोणी बोलावे आणि ‘लोक’ म्हणून कोणाची गणना करावी, हा प्रश्नही दक्षिणेत येथेच सर्वांत आधी उपस्थित झाला. त्याची उत्तरे मात्र दर शतकात बदलत गेली.

मराठी माणसाला या गल्ल्यांतून हिंडताना फारसे परके वाटू नये. सावकारपेठ हे नाव त्याला समजावून सांगावे लागत नाही. कोतवाल चावडी ऐकल्यावर, येथे कधी काळी कोतवालाची कचेरी असली पाहिजे हे तो आपणहून ओळखतो. तंबुचेट्टी रस्त्यावर कालिकांबाळ देवीचे मंदिर आहे. १६७७ साली कर्नाटकाच्या स्वारीत असताना शिवाजी महाराजांनी या देवीचे दर्शन घेतले, अशी परंपरा तेथे सांगितली जाते आणि मंदिरातील फलकावर तशी नोंदही आहे. परंपरेची गोष्ट वेगळी आणि दफ्तराची वेगळी. किल्ल्यातील इंग्रजांच्या दफ्तरात जे निश्चितपणे नमूद आहे ते एवढेच की, त्या वर्षीच्या मे महिन्यात महाराजांकडून एक पत्र आले, त्यात काही औषधी द्रव्ये व विषावरील उतारे यांची मागणी होती, आणि गव्हर्नर लँगहॉर्न व त्याच्या कौन्सिलने त्या वस्तू मोबदला न घेता नजर म्हणून रवाना केल्या. व्यापाऱ्याला शेजारच्या सत्तेचे वजन बरोबर कळते.

त्या काळी किल्ल्याच्या भिंतीलगत उत्तरेस जी देशी वस्ती होती तिला इंग्रज ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. वस्ती वाढली तसा खर्च वाढला, आणि कंपनीने घरपट्टी बसवण्याचा उद्योग आरंभला. १६८६ च्या आरंभी या पट्टीविरुद्ध गावात मोठा असंतोष उसळला. दुकाने बंद पडली आणि किल्ल्याला होणारा पुरवठा अडला. लंडनमध्ये बसलेल्या सर जोसाया चाइल्डने यातून जो बोध घेतला तो त्याच्या व्यापारी बुद्धीला शोभणारा होता. वरून लादलेला लहानसा कर लोकांना जाचतो, परंतु स्वतःच्याच माणसांनी ठरवलेला मोठा कर ते निमूटपणे देतात; तेव्हा कर बसवण्यासाठी लोकांची माणसे निर्माण करावीत, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत, १६८७ च्या अखेरीस, कंपनीने मद्रासला नगरपालिकेची सनद दिली आणि २९ सप्टेंबर १६८८ रोजी मद्रासची नगरपालिका समारंभाने अस्तित्वात आली.

त्या समारंभाचे चित्र मोठे मनोवेधक आहे. नथॅनिएल हिगिन्सन हा पहिला महापौर. त्याच्यासह बारा आल्डरमन, अंगावर तांबडे झगे. मागे पांढरे रेशमी झगे घातलेले नागर सभासद. आल्डरमनांमध्ये कंपनीचे इंग्रज नोकर होते, एक फ्रेंच व्यापारी होता, पोर्तुगीज होते, हिरे-माणकांचा व्यापार करणारे ज्यू होते, आणि चिन्न वेंकटाद्री, मुद्दू वीरण्णा व अलंगात्त पिळ्ळै हे तीन हिंदूही होते. भारतातील कोणत्याही आधुनिक नगरसंस्थेत हिंदू गृहस्थांनी घेतलेली ही पहिली आसने. निवडणूक मात्र कोणाचीही झाली नव्हती. एकेका समाजाचा एकेक वजनदार माणूस उचलावा आणि त्याच्या मुखाने त्या समाजाची संमती मिळाली असे समजावे, अशी ती पद्धत होती. चाइल्डचा हिशेब चुकला तो येथेच. नगरगृह, शाळा, तुरुंग, गटारे या सर्वांसाठी पैसा लागणार होता. आल्डरमनांनी मान डोलावली, पण ज्यांच्या वतीने ती डोलावली गेली त्यांनी थैलीचे तोंड सोडले नाही. ज्यांना आपण नेमलेलेच नाही त्यांच्या शब्दाने आपण बांधले जातो हे ब्लॅक टाउनच्या रहिवाशांना पटले नाही, आणि यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. पुढे १७२६ च्या नव्या सनदेने नगरपालिकेचा साचा बदलला. आल्डरमनांची संख्या नऊवर आली, त्यांतील सात जन्माने ब्रिटिश प्रजाजन असले पाहिजेत असा दंडक घातला गेला, आणि हिंदू आल्डरमनांची ती अल्पायुषी परंपरा संपली.

एतद्देशीयांचे खरे प्रतिनिधित्व त्या काळात जातींच्या प्रमुखांकडे होते. दक्षिणेतील जातींचे वलंगै व इडंगै, म्हणजे उजव्या हाताचे आणि डाव्या हाताचे, असे दोन पक्ष पडलेले असत. कोणाची वरात कोणत्या रस्त्याने जावी यावरून त्यांचे रक्त सांडण्यापर्यंत कलह होत. १७०७ साली हा कलह इतका पेटला की, उजव्या हाताच्या पक्षाचे लोक गाव सोडून सान थोमेला जाऊन बसले. गव्हर्नर थॉमस पिटने अखेर पेद्दनायकनपेठ उजव्या पक्षाला व मुत्यालपेठ डाव्या पक्षाला, अशी वस्तीची वाटणी ठरवली. या दोन पेठा मिळूनच पुढचे जॉर्ज टाउन झाले. आज त्यांच्यामधील सीमा कोठे होती हे तेथे राहणाऱ्यालाही सांगता यायचे नाही. परंतु जनसमूहाची विभागणी करून प्रत्येक विभागाला जमीन आखून देण्याचा हा प्रयोग मतदारसंघाच्या आखणीचा एक विचित्र पूर्वजच म्हटला पाहिजे.

जुने ब्लॅक टाउन मात्र टिकले नाही. १७४६ साली फ्रेंचांनी किल्ला घेतला तेव्हा त्यांनी, आणि १७४९ साली तो परत मिळाल्यावर इंग्रजांनी, किल्ल्याच्या तोफांपुढे मोकळे मैदान असावे म्हणून घरे पाडली. लोक उत्तरेस सरकले. उच्च न्यायालयाची १८९२ साली पुरी झालेली तांबडी इमारत उभी आहे ती या नाहीशा झालेल्या गावाच्या भूमीवर. मैदानात पुन्हा कोणी घरे बांधू नयेत म्हणून १७७३ साली सीमास्तंभ रोवण्यात आले. त्यांपैकी एक पॅरीज कॉर्नरपाशी अजूनही उभा आहे. शेजारून दिवसभर माणसांचा लोंढा वाहत असतो, पण त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

हैदर अलीचे घोडेस्वार १७६७ साली मद्रासच्या वेशीपर्यंत येऊन गेले, तेव्हा नव्या ब्लॅक टाउनभोवती तटाची भिंत बांधण्याची निकड सरकारला पटली. भिंत बांधली. तिचा खर्च तिच्या आत राहणाऱ्यांकडून वसूल करावा असे ठरले, परंतु असा कर बसवण्याचा अधिकार सरकारला आहे काय ही शंका निघाली आणि तो वसूल झालाच नाही. भिंतीच्या कडेने गेलेल्या रस्त्याला मात्र ‘वॉल टॅक्स रोड’ हे नाव पडले. न दिलेल्या कराचे असे स्मारक दुसरीकडे आढळणे कठीण. या वस्तीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला एक गोष्ट फिरून फिरून भेटते. येथील लोक राज्यकर्त्यांशी बोलू लागतात ते कराच्या निमित्ताने.

एकोणिसाव्या शतकात हे बोलणे प्रथमच लेखी आणि सार्वजनिक झाले, आणि ते ज्याने केले तो गाजुलु लक्ष्मीनरसू चेट्टी हा याच वस्तीतला व्यापारी होता. निळीच्या व कापडाच्या व्यापारात त्याने पैसा मिळवला आणि तो सार्वजनिक कामात घालवला. १८४४ साली त्याने ‘क्रेसेंट’ हे वृत्तपत्र काढले. १८५२ साली मद्रास नेटिव्ह असोसिएशन स्थापन करून ब्रिटिश पार्लमेंटकडे गाऱ्हाणे धाडले. महसूल वसूल करताना रयतेचा शारीरिक छळ होतो ही त्यातील तक्रार इतकी गंभीर होती की, डॅन्बी सीमोर हा पार्लमेंटचा सभासद १८५३ साली स्वतः मद्रासला आला. चेट्टीने त्याला जिल्ह्याजिल्ह्यांतून हिंडवून हे प्रकार डोळ्यांनी दाखवले. पुढे चौकशी मंडळ नेमले गेले आणि १८५५ साली त्याने दिलेल्या अहवालात छळाची गोष्ट खरी असल्याचे मान्य झाले. मुंबईत त्याच सुमारास जगन्नाथ शंकरशेट बाँबे असोसिएशन चालवत होते, हे येथे आठवते. फरक इतकाच की, शंकरशेटांची श्रीमंती टिकली आणि लक्ष्मीनरसू चेट्टीची टिकली नाही. १८६३ साली मद्रासच्या कायदे कौन्सिलात त्याची नेमणूक झाली आणि १८६८ साली तो वारला तेव्हा त्याची संपत्ती संपुष्टात आली होती. त्याला कोणी मत दिले नव्हते. तरी या वस्तीचा पहिला प्रतिनिधी कोण असा प्रश्न कोणी केला, तर तांबड्या झग्यातील आल्डरमनांना बाजूस सारून त्याचे नाव घेणे न्यायाचे होईल.

यानंतरची वाटचाल इतर प्रांतांहून फार निराळी नाही. १८७८ च्या कायद्याने नगरपालिकेतील काही सभासद निवडण्याचा हक्क करदात्यांना मिळाला. १८९२ व १९०९ च्या कायद्यांनी कौन्सिलांची दारे किंचित उघडली. १९१९ च्या सुधारणांनी प्रत्यक्ष निवडणूक आली, परंतु मतदार व्हायचे तर मालमत्ता किंवा कर दाखवावा लागे. त्याखेरीज व्यापारी मंडळे, जमीनदार, विद्यापीठ यांना स्वतंत्र जागा. १९२१ साली मद्रासने स्त्रियांना मताधिकार देऊन इतर प्रांतांच्या पुढे पाऊल टाकले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९३५ च्या कायद्यानंतरही मताचा हक्क लोकसंख्येच्या सुमारे सातव्या हिश्श्यापुरताच होता. मद्रासच्या धक्क्यावर पोती उचलणारा हमाल त्यात बसत नव्हता. त्या पोत्यांचा धनी मात्र एकदा रहिवासी म्हणून आणि एकदा व्यापारी मंडळाचा सभासद म्हणून, असा दोनदा बसत होता.

१९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि हमाल व धनी यांचे मत एकाच पेटीत सारख्याच वजनाने पडले. हार्बर मतदारसंघ त्या वर्षी अस्तित्वात आला. तेथून काँग्रेसचे डॉ. यू. कृष्णराव निवडून आले. हे घराणे मूळचे दक्षिण कानडा जिल्ह्याकडचे. वडील डॉ. यू. रामराव मद्रासमध्ये वैद्यकीचा व्यवसाय करीत आणि १९३७ पासून विधान परिषदेचे अध्यक्ष होते. स्वतः कृष्णराव मद्रासचे महापौर झाले होते व निवडणुकीनंतर राजाजींच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. तमिळ, तेलुगू, उर्दू, गुजराती, मारवाडी अशा सरमिसळ वस्तीने पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या घराण्यातील डॉक्टराला आपला पहिला प्रतिनिधी निवडावे, यात बंदराच्या स्वभावाला सोडून काही नव्हते.

परंतु ही निवड होऊन वर्षही लोटले नाही तोच हा मतदारसंघ कोणत्या राज्यात राहणार असा प्रश्न उभा राहिला. आंध्रांचे वेगळे राज्य व्हावे आणि मद्रास शहर त्यात असावे या मागणीसाठी पोट्टी श्रीरामुलू यांनी १९ ऑक्टोबर १९५२ रोजी मैलापूर येथे उपोषण आरंभले आणि डिसेंबरच्या मध्यावर त्यांचा अंत झाला. शहराच्या वाटणीच्या ज्या सूचना त्या काळी पुढे आल्या त्यांत एक अशी होती की, कूवम नदी ही सीमा मानावी आणि उत्तरेकडचा भाग आंध्राला द्यावा. ती मान्य झाली असती तर किल्ला, बंदर, उच्च न्यायालय आणि सावकारपेठ एका राज्यात, तर मैलापूर व तिरुवल्लिक्केणी दुसऱ्या राज्यात गेली असती. मा. पो. शिवज्ञानम् यांनी, शिर द्यावे लागले तरी चालेल पण राजधानी राखू, अशी घोषणा दिली. महापौर चेंगलवरायन यांच्या अध्यक्षतेखाली नगरपालिकेने मद्रास तमिळ राज्यातच राहिले पाहिजे असा ठराव केला. पंतप्रधान नेहरूंनी १९ डिसेंबर १९५२ रोजी आंध्र राज्याची घोषणा केली ती मद्रास वगळून, आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी ते राज्य जन्माला आले.

महाराष्ट्रातील श्रोत्याला ही कथा आपल्याच घरची वाटेल. नेहरू, पटेल व पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ साली आंध्रांना मद्रासवरील हक्क सोडण्यास सांगितले आणि त्याच अहवालात मुंबईही महाराष्ट्रापासून निराळी ठेवावी असे मत दिले. दोन्ही शहरे परक्या कंपनीने वसवलेली, दोन्ही बंदरे, आणि दोन्हींच्या बाबतीत, हे शहर कोणा एका भाषेचे नव्हेच, असा युक्तिवाद श्रीमंत व्यापारी मंडळींकडून ऐकू येई. मद्रासचा निकाल वर्षाच्या आत लागला. मुंबईचा लागण्यास १९६० उजाडले आणि त्यापायी एकशेपाच माणसांचे प्राण गेले. असे का व्हावे याची कारणे अनेक असतील. एक कारण संख्येचे होते. मद्रासमध्ये तमिळ बोलणारे निर्विवाद बहुसंख्य होते. मुंबईत मराठी बोलणारा समाज सर्वांत मोठा असूनही निम्म्याहून कमी होता, आणि त्याचे बळ गिरणगावात होते, पेढ्यांत नव्हते.

मद्रास राज्याची विधानसभा १९५२ साली ३७५ सभासदांची होती. एवढा समुदाय किल्ल्यातील सभागृहात मावेना, म्हणून सरकारी उद्यानाच्या आवारात निराळी इमारत बांधावी लागली. आंध्र वेगळा झाला, १९५६ साली मलबारही केरळात गेला, आणि आटोपशीर झालेली सभा १९५७ मध्ये पुन्हा किल्ल्यात आली. त्या सभेचे सभापती झाले डॉ. कृष्णराव. किल्ला ज्यांच्या मतदारसंघात, तेच किल्ल्यातील आसनावर! १९६१ पर्यंत ते त्या आसनावर होते. याच विधानसभेत द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष पंधरा सभासद घेऊन प्रथम आला. अण्णादुरै हे नेते. कुळित्तलैहून आलेले तरुण करुणानिधी आणि एग्मोरहून आलेले तमिळचे प्राध्यापक अन्बळगन हे त्या पंधरांत होते. हार्बरच्या सभापतीसमोर विरोधी बाकांवर बसलेले हे दोघे पुढे स्वतःच हार्बरचे प्रतिनिधी व्हायचे होते, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसेल.

१९६२ साली काँग्रेसचे हाजा शरीफ आणि १९६७ साली द्रमुकच्या आघाडीतील हबीबुल्ला बेग येथून निवडून आले. मण्णडी व आसपासच्या तमिळ व उर्दू भाषी मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्तीचे वजन या निवडींतून दिसते. १९७७ पासून मात्र मतदारसंघाने एक चमत्कारिक वळण घेतले. त्या वर्षी, १९८० साली आणि १९८४ साली राज्यभर एम. जी. रामचंद्रन यांच्या पक्षाची लाट होती, आणि तिन्ही वेळा हार्बरने द्रमुकचे सेल्वरासन यांना निवडून दिले. राज्याचे सिंहासन ज्या भूमीवर, ती भूमी सिंहासनावरील माणसाच्या विरोधात. जानेवारी १९८९ च्या निवडणुकीत करुणानिधी स्वतः येथून उभे राहिले, विजयी झाले आणि तेरा वर्षांनंतर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पुरी दोन वर्षे हार्बरचा प्रतिनिधी राज्याचा मुख्यमंत्री होता. ३० जानेवारी १९९१ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले.

त्यानंतर जे घडले त्यामुळे हा मतदारसंघ सर्व देशाला ठाऊक झाला. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि लोकक्षोभाच्या लाटेत द्रमुक पक्ष वाहून गेला. जयललितांच्या अण्णाद्रमुक पक्षाने काँग्रेससह २३४ पैकी २२५ जागा जिंकल्या. द्रमुकच्या पदरी केवळ दोनच जागा आल्या, त्यांपैकी एक हार्बर, तीही ८९० मतांच्या अंतराने. करुणानिधींनी त्या जागेचा राजीनामा दिला. ज्या आठशेनव्वद मतांनी एका मोठ्या पक्षाच्या नेत्याला पराभवापासून वाचवले, ती मते कोणत्या गल्लीतली, कोणत्या भाषेतली, हे गुप्त मतदानाच्या पद्धतीत कोणालाच कळत नाही. ही त्या पद्धतीची थोरवी आहे, आणि इतिहासकाराची अडचणही.

१९९६ पासून लागोपाठ तीन वेळा येथून अन्बळगन निवडून आले. ज्या पच्चैयप्पा महाविद्यालयात त्यांनी तमिळ शिकवले ते १९४० साली चेटपेटला जाण्यापूर्वी याच भागात, चायना बाजारात भरत असे. २००६ साली ते राज्याचे अर्थमंत्री झाले, परंतु त्या वेळचा त्यांचा विजय केवळ काहीशे मतांचा होता. २०११ साली सुमारे तीन तपांनंतर ही जागा द्रमुकच्या हातून गेली आणि अण्णाद्रमुकचे लेखक-वक्ते पळ. करुप्पय्या निवडून आले. स्वपक्षाच्या सरकारवर उघड टीका केल्यामुळे २०१६ च्या जानेवारीत त्यांना पक्षातून काढण्यात आले आणि त्यांनी जागेचाही राजीनामा दिला. २०१६ व २०२१ साली द्रमुकचे शेखरबाबू विजयी झाले. मध्यंतरी २०१० साली सरकारी उद्यानाच्या आवारात विधानसभेचे नवे भव्य भवन बांधले गेले, पण पुढच्याच वर्षी सत्ता पालटली, विधानसभा किल्ल्यात परतली आणि त्या भवनाचे रुग्णालय झाले.

नावाने बंदर असलेल्या या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला बंदरावर काडीचाही अधिकार नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे मोठी बंदरे हा केंद्राचा विषय होय. या बंदरातील मालाच्या ढिगांवरून येणाऱ्या कोळशाच्या व लोहखनिजाच्या धुळीने जॉर्ज टाउनची घरे वर्षानुवर्षे काळवंडत होती. शाळांच्या बाकांवर ती धूळ बसे, आणि उच्च न्यायालयाच्या इमारतीवरही बसे. लोक आपल्या आमदाराकडे जात. आमदार सभागृहात बोले. राज्य सरकार केंद्राकडे लिही. अखेर निकाल लागला तो न्यायालयात. २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने चेन्नई बंदरातील कोळसा व लोहखनिजाची चढउतार थांबवण्याचा आदेश दिला आणि ती वाहतूक एन्नोरच्या बंदराकडे वळली. ज्या न्यायमूर्तींनी हा निकाल दिला त्यांच्या खिडकीतून बंदर दिसते. गाऱ्हाणे खरे की खोटे हे पाहण्यास त्यांना दूर जावे लागले नसेल!

याहून गहन प्रश्न मतदारसंघाच्या आकाराचा आहे. १९३१ साली बीच स्टेशनपासून तांबरमपर्यंत विजेची आगगाडी सुरू झाली, तेव्हापासून जॉर्ज टाउनमध्ये काम करणाऱ्याला तेथेच राहण्याची गरज उरली नाही. कारकून आधी गेले, मग वकील, मग सुखवस्तू व्यापारी. घरांच्या वखारी झाल्या. १९६० नंतर ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळांनी समुद्राकडच्या रस्त्यावर बर्मा बाजार उभा केला. १९९६ साली कोतवाल चावडीचा भाजीबाजार कोयंबेडूला हलला, २००२ साली ब्रॉडवेचा मोठा बसतळही तिकडेच गेला. दिवसा येथे पाय ठेवण्यास जागा नसते, रात्री मात्र सामसूम. १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे माणसाचे नाव तो जेथे सामान्यतः राहतो त्या ठिकाणच्या यादीत येते, जेथे राबतो तेथील यादीत नव्हे. त्यामुळे राज्यातील सर्वांत गजबजलेल्या बाजाराची मतदार यादी आखडत गेली.

आखडलेली यादी भरून काढण्याचा उपाय म्हणजे मतदारसंघांची फेरआखणी. पण १९७६ च्या घटनादुरुस्तीने, कुटुंबनियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये या हेतूने, जागांची संख्या आणि हद्दी १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या. हेतू राज्याराज्यांतील न्यायाचा होता. एका शहराच्या आत मात्र त्याचा परिणाम उलटा झाला. तीस वर्षे रेषा जागच्या जागी राहिल्या आणि माणसे चालू लागली. जुन्या शहरातील एका मताला उपनगरातील कित्येक मतांचे वजन आले. २००१ च्या जनगणनेच्या आधारे २००८ साली नव्या हद्दी ठरल्या तेव्हा शेजारचा पार्क टाउन हा मतदारसंघ नाहीसा झाला, त्यातील बराच भाग हार्बरला जोडला गेला आणि सावकारपेठेचा मोठा मुलूख या यादीत आला. त्या वस्तीत हिंदी व मारवाडीतही मते मागितली जातात. हिंदीविरोधी चळवळीत घडलेल्या पक्षाचे कार्यकर्तेही त्यास अपवाद नाहीत, आणि मतदार त्यांना तसे बोलूही देतात. मुंबईच्या मांडवी-मुंबादेवीकडील निवडणूक ज्याने पाहिली असेल त्याला यात नवल वाटणार नाही.

हद्दी रुंदावल्या तरी माणसांचे चालणे थांबले नाही. २०२१ च्या निवडणुकीत शहराच्या दक्षिणेकडील शोळिंगनल्लूर मतदारसंघात सुमारे सात लाख मतदार होते आणि हार्बरमध्ये दोन लाखही नव्हते. दोघांचा विधानसभेतील आवाज एकेका सभासदाचा. २००१ च्या दुरुस्तीप्रमाणे पुढील फेरआखणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे, आणि सरकारने त्या जनगणनेसाठी २०२७ चा मार्च महिना ठरवला. त्या वेळी गणना होते ती गणनेच्या काळात जो जेथे राहत असतो त्याची. वखारीच्या माळ्यावर झोपणारा बिहारी किंवा राजस्थानी मजूर तेव्हा जॉर्ज टाउनच्या लोकसंख्येत मोजला जाईल, परंतु त्याचे नाव बहुधा दूरच्या कोणत्या तरी गावच्या मतदार यादीत असेल. आणि ज्या दुकानदाराचे आजे-पणजे त्या वखारीत जन्मले, तो संध्याकाळी कुलूप लावून बीच स्टेशनवर गाडीची वाट पाहत उभा असेल.